लाव्हाच्या पायऱ्यांवरून बारा महिने

सह्याद्रीत शंकूच्या आकाराचा ज्वालामुखी शोधू नका. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथली जमीन भेगाळली आणि लाव्हा थरावर थर पसरत गेला. म्हणूनच १६४६ मीटरची कळसूबाई असो की १५६७ मीटरचा साल्हेर, चढाई तशीच: कडा, सपाटी, पुन्हा कडा! टणक थर कडा होऊन उभा राहतो, मऊ थर झिजून पदर होतो.

आषाढात नाणेघाट गाठा, तिथे धबधबा उलटा वाहतो. कोकणातून सुसाटलेला वारा सरळसोट कड्यावर आदळून वर उसळतो आणि पडू पाहणारं पाणी उचलून थेट तुमच्या तोंडावर फेकतो. रेनकोट असून नसल्यासारखा!

हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर तर नशीबच लागतं. सूर्य पाठीशी, समोर दरीत ढग, असं जुळून आलं की ढगावर गोल इंद्रधनुष्य उमटतं आणि मधोमध तुमची सावली. हे इंद्रवज्र. शेजारच्याला विचारा, तो म्हणेल, मधोमध माझी सावली आहे! दोघंही खरं बोलत असतात, कारण ते वर्तुळ पाहणाऱ्याच्याच डोक्याभोवती उमटतं.

भाद्रपदात सोनकीने सडे पिवळे होतात. पण मान कारवीचा. ती साधारण सात वर्षं नुसती वाढते, मग एकाच मोसमात अख्खी डोंगरधार जांभळी करते, बी धरते आणि मरून जाते. तिच्या वाळक्या काठ्यांवर शेणमाती लिंपली की झाली कुडाची भिंत.

दिवाळीनंतर ओढे आटू लागले की दगड न्याहाळा. काळ्या कातळात पांढरे, चमचमते स्फटिक दिसतील. लाव्हातल्या वायूच्या बुडबुड्यांची ती रिकामी घरं, पुढे पाण्यातल्या क्षारांनी भरलेली. बघा, फोडू नका.

थंडीत हवा निवळते, रतनगडाच्या नेढ्यातून दूरवरची शिखरं दिसतात. वाऱ्याने मात्र दात वाजतात.

चैत्र-वैशाखात काळा कातळ तापतो, घसाऱ्यावर पाय टिकत नाही. चढाई पहाटेच उरकावी, वाटेत करवंदं खावीत. आणि पावसाच्या तोंडावर भंडारदऱ्याच्या रानात काजवे पाहायला गेलात, तर टॉर्च बंद ठेवा. नर-मादी एकमेकांना उजेडानेच खुणावतात; तुमच्या भगभगीत झोतात त्यांची जोडी जमायची राहून जाते.