३७ बिटांत वाहतूककोंडी

श्टुटगार्टहून म्युनिककडे निघालं की ए-८ महामार्ग श्वेबिश आल्बच्या डोंगराला भिडतो. हा चढ वळणावळणांचा आणि दोनच लेनचा. सुट्ट्या लागल्या की इथे गाड्या तुंबणं ठरलेलंच. मित्राच्या जुन्या गाडीत पुढच्या सीटवर बसलो की माझी नजर डॅशबोर्डमधल्या छोट्या पडद्यावर असते. या गाडीत सिमकार्ड नाही, इंटरनेट नाही. तरीही चढ लागायच्या बऱ्याच आधी नकाशावर लाल पट्टा उमटतो आणि यंत्र दुसरा रस्ता शोधायला लागतं.

ही खबर येते साध्या एफएम रेडिओवरून. ज्या लहरीवर गाणी वाजतात तिच्यातच ५७ किलोहर्ट्झच्या उपवाहकावर सेकंदाला जेमतेम ११८७.५ बिट सरकत असतात. स्टेशनचं नाव पडद्यावर येतं ते त्यातूनच, आणि अधूनमधून वाहतुकीचे निरोपही. ट्रॅफिक मेसेज चॅनल, म्हणजे टीएमसी, ही सेवा जर्मनीत १९९७ पासून आहे. रस्त्याखालच्या तारेच्या वेटोळ्यांनी मोजलेली वर्दळ आणि पोलिसांनी कळवलेले अपघात आधी नोंद केंद्राकडे जातात, तिथून रेडिओकडे.

एका निरोपाच्या वाट्याला ३७ बिट. काय झालंय, याला ११. कुठे, याला १६. घटनांच्या यादीत १०१ म्हणजे वाहतूक ठप्प, ११५ म्हणजे संथ. गावाचं नाव नाही, रस्त्याचंही नाही. जागेचा नुसता क्रमांक येतो आणि त्याचा अर्थ गाडीतल्या नकाशाबरोबर साठवलेल्या तक्त्यात सापडतो. त्या तक्त्यात प्रत्येक जागेची मागची आणि पुढची जागा जोडलेली असते.

मला सगळ्यात आवडते ती रांग सांगायची रीत. निरोपातली जागा असते रांगेच्या तोंडाची, जिथे गाड्या अडल्या आहेत तिथली. मग एक बिट दिशा सांगतो आणि तीन बिट सांगतात की तिथून किती जागा मागे जायचं. जास्तीत जास्त सात. कारण तसंच आहे: अडथळा जागच्या जागी असतो, रांग मागे वाढत जाते. वेगात येणाऱ्याला धोका असतो तो रांगेतल्या शेवटच्या गाडीचा. तिची जागा यंत्र तक्त्यावरून मागे सरकत स्वतः काढतं.

ही पावलं मात्र मोठी असतात, बहुतेक एका एक्झिटपासून दुसऱ्यापर्यंत. त्यामुळे पडद्यावर लाल आणि बाहेर गाड्या सुसाट, असं हमखास दिसतं. त्याहून मोठी अडचण पुढे आहे. यंत्राचं ऐकून महामार्ग सोडला की थोड्याच वेळात एखाद्या गावाच्या सिग्नलला आपल्यासारख्याच वळलेल्या गाड्यांची रांग भेटते, आणि पडदा गप्प. गावातल्या गल्लीला तक्त्यात क्रमांकच नाही. क्रमांक मिळतात ऑटोबानला, मोठ्या रस्त्यांना. नकाशा जुना असेल तर नंतर झालेला एक्झिटही यंत्राला ठाऊक नसतो. कोंडी कुठे होऊ शकते हे कुणीतरी आधीच टेबलाशी बसून ठरवलेलं असतं. जिथे लोक राहतात, मुलं रस्ता ओलांडतात, त्या गल्ल्या त्यातून सुटाव्यात हे मला फार खटकतं.

मोबाइल जाळ्यावरून येणारी माहिती ही उणीव बऱ्यापैकी भरून काढते, कारण ती रस्त्यावरच्या फोनच्या आणि गाड्यांच्या वेगावरूनच तयार होते. पण त्यासाठी आपण कुठे आहोत हे सतत कुणाला तरी कळवावं लागतं. एफएमवरच्या निरोपाला श्रोता कोण, याचा पत्ता नसतो. तो सगळ्यांसाठी सारखाच निघतो आणि त्यातून आपल्या कामाचं काय ते गाडी आतल्या आत निवडते.

ऑटोबानवर कुणी उलट्या दिशेने शिरलं की याच वाटेने इशारा सुटतो. रेडिओवरचा निवेदकही कार्यक्रम थांबवून सांगतो: उजव्या कडेने चला, ओव्हरटेक करू नका. अशा वेळी समोरून येणाऱ्या प्रत्येक गाडीला हा इशारा मिळायला हवा, मग तिचा मालक कुठल्याही सेवेचे पैसे भरत असो वा नसो.