राखेत मांडलेली मुळाक्षरं

पनवेलच्या जुन्या वस्तीत १८४९ साली बांधलेलं एक सिनेगॉग आहे, बेथ एल. खारघर, कामोठे, नवीन पनवेलच्या इमारती त्याच्या भोवताली फार नंतर उगवल्या. हे प्रार्थनामंदिर बेने इस्रायल ज्यूंचं. पूर्वी रायगडच्या गावोगावी तेलाचे घाणे चालवणारी आणि शनिवारी ते बंद ठेवणारी ही माणसं. म्हणून गावाने त्यांना नाव दिलं, शनवार तेली. त्यांच्या वर्षात पावसाळ्यात एक उपासाचा दिवस येतो. त्याला ते काय म्हणत आले, माहीत आहे? बिरड्याचा सण! वालाला मोड आणून, सोलून केलेलं आपलं कोकणातलं बिरडं, तेच.

आणि हा सण कशाचा? अडीच हजार वर्षांपूर्वी, इथून चार हजारांवर किलोमीटर दूर जळालेल्या एका मंदिराच्या सुतकाचा.

इसवी सनापूर्वी ५८६च्या सुमारास बाबिलोनच्या नबुखद्नेस्सर राजाने यरुशलेम घेतलं. आधी महिनोन्‌महिने वेढा घालून शहर उपाशी मारलं, मग तट पाडला, मग मंदिर जाळलं. उरलेल्या लोकांतल्या बऱ्याच जणांना पकडून परमुलखात नेलं. त्या राखेतून एक छोटंसं पुस्तक निघालं. पाच कविता, मिळून १५४ कडवी. मराठी बायबलमध्ये त्याचं नाव विलापगीत. सिनेगॉगमध्ये ते त्या उपासाच्या दिवशी वाचलं जातं आणि ख्रिस्ती लोकांच्या बायबलातही ते जसंच्या तसं आहे. परंपरेने ते यिर्मया संदेष्ट्याचं मानलं. पुस्तकात मात्र कवीचं नाव कुठेही नाही.

देवाची दया आणि त्याचा विश्वासूपणा यांबद्दल ख्रिस्ती जगात सगळ्यात जास्त आळवल्या गेलेल्या ओळींपैकी काही ओळी याच पुस्तकात आहेत. आजारपणात, मृत्यूत, भीतीने झोप उडालेल्या रात्री माणसं त्यांच्याकडे वळतात. देवाची दया दररोज सकाळी नवी होते, अशा अर्थाच्या त्या ओळी. पण आसपास काय आहे? भाकरी मागणारी आणि न मिळणारी मुलं. रस्त्यात पडलेली प्रेतं. उपासमारीने मरण्यापेक्षा तलवारीने मेलेले बरे, असं म्हणणारा कवी. भरवशाचे सगळ्यात उजळ शब्द बायबलातल्या सगळ्यात काळ्या पुस्तकात कसे आले?

थोडं जवळ जाऊन बघू. इथूनच मती गुंग व्हायला लागते.

हिब्रू लिपीत २२ अक्षरं. पहिल्या कवितेत २२ कडवी. पहिलं कडवं पहिल्या अक्षराने, आलेफने सुरू होतं, दुसरं बेथने, तिसरं गिमेलने, असं थेट शेवटच्या तावपर्यंत. दुसरी कविताही तशीच. चौथीही तशीच. ज्याचं घर जळलं, शहर गेलं, देऊळ गेलं, तो माणूस बसून मुळाक्षरांच्या क्रमाने रडतो आहे!

का? पाठांतराला सोपं जावं म्हणून, असं कुणी म्हणतं. दुःखाची यादी पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत पुरी व्हावी, काही सुटू नये म्हणून, असंही सांगतात. दोन्ही पटतं. मला त्याहून एक गोष्ट मोठी वाटते. काळोखात जिना उतरताना माणूस कठडा धरतो, तशी त्याने अक्षरं धरली आहेत. पुढचं वाक्य काय असेल हे त्याला ठाऊक नसेल, पण पुढचं अक्षर कोणतं हे ठाऊक आहे.

त्या क्रमातही एक गंमत दडली आहे. पहिल्या कवितेत सोळावं अक्षर आइन आणि सतरावं पे, आजच्या हिब्रूसारखंच. दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या कवितेत मात्र ही दोन अक्षरं उलट्या क्रमाने येतात. नकलणाऱ्यांची चूक? मग सिनाईच्या वाळवंटात कुंतिल्लेत अज्रूद नावाच्या जागी १९७०च्या दशकात उत्खनन झालं. तिथे इसवी सनापूर्वी ८००च्या आसपास कुणीतरी गिरवलेली मुळाक्षरं मिळाली. तिथेही पे आधी, आइन नंतर! म्हणजे चूक नव्हतीच. एकेकाळी काही लोक मुळाक्षरं तशीच शिकत असत. लहानपणी पाटीवर गिरवलेला क्रम या शोकात जसाच्या तसा गोठून राहिला.

आता तिसरी कविता, बरोब्बर मधली. इथे कवी पकड आणखी घट्ट करतो. प्रत्येक अक्षराला एक नव्हे, तीन-तीन कडवी. २२ त्रिक ६६. आतापर्यंत शहराबद्दल बोलणं चाललं होतं. इथे एकटा माणूस उभा राहून स्वतःबद्दल बोलतो. आणि काय बोलतो! देव त्याच्या वाटेवर अस्वलासारखा दबा धरून बसला आहे. देवाने त्याचे दात खड्यांवर फोडले आहेत. इतकी उघड तक्रार, तीही धर्मग्रंथात, देवाच्याच नावाने.

सहा अक्षरं अशी जातात. सातवं अक्षर झाइन. या अक्षराने ‘आठवण’ हा शब्द सुरू होतो. कवी तो घेतो, पुन्हा घेतो. आधी आठवतं ते कडूच. पण आठवता आठवता आणखी काहीतरी वर येतं आणि तिसऱ्या ओळीत तो म्हणतो की हे मी मनात आणतो, म्हणून मला आशा आहे. काय मनात आणतो? त्यासाठी पुढच्या अक्षरावर जावं लागतं.

आठवं अक्षर हेथ. पहिल्या कवितेत हेथवर काय होतं? ‘पाप’: यरुशलेमने घोर पाप केलं. दुसऱ्या कवितेत? ‘ठरवलं’: देवाने तट पाडायचं ठरवलं. पुढे चौथ्या कवितेत हेथवर काय येणार आहे? ‘काळवंडले’: भुकेने चेहरे काजळीहून काळे झाले, कातडी हाडांना चिकटली. हेथच्या एका बाजूला पाप आणि विनाश, दुसऱ्या बाजूला उपासमार. आणि मध्ये, तिसऱ्या कवितेत, त्याच अक्षरावर कवी तीन शब्द ठेवतो: पहिल्या ओळीच्या आरंभी देवाची ‘दया’, दुसरीच्या आरंभी ‘नवी’, तिसरीच्या आरंभी ‘माझा वाटा’. हे तिन्ही शब्द हिब्रूत हेथनेच सुरू होतात. दया संपलेली नाही, ती रोज सकाळी नवी होते, आणि सगळं लुटलं गेलं तरी माझ्या वाट्याला परमेश्वर उरला आहे. पुढचं अक्षर टेथ. तिथे तिन्ही ओळी एकाच शब्दाने सुरू होतात, ‘चांगला’. तीनदा, लागोपाठ!

शहर तेच, कवी तोच, भूक तीच. बदललं फक्त एक. त्याने आठवून पाहिलं.

इथे पुस्तक संपवायचा मोह कोणत्याही लेखकाला झाला असता. अंधार, मग पहाट, मग समाप्ती. पण हा कवी प्रामाणिक आहे. वीस-एक कडवी जातात न जातात तोच तो म्हणतो, देवाने ढग पांघरून घेतला आहे, प्रार्थना आरपार जात नाही. चौथी कविता तर उपासमारीचीच. आणि पाचवी? कडवी पुन्हा २२, पण अक्षरांचा क्रम नाही. कठडा संपला. आकडा तेवढा राहिला. शेवटी देवाकडे परत घेऊन जाण्याची विनवणी, आणि अगदी शेवटच्या ओळीत ही शंका की त्याने आपल्याला कायमचं टाकलं तर नसेल? बस्स. पुस्तक संपलं. ही ओळ इतकी जड की सिनेगॉगमध्ये ती वाचून झाल्यावर आधीची विनवणीची ओळ पुन्हा एकदा म्हणतात, मगच थांबतात.

म्हणजे भरवसा इथे दुःखाच्या शेवटी मिळालेलं बक्षीस नाही. तो मध्यावर आहे, दोन्ही बाजूंनी रडण्याने वेढलेला. मला या पुस्तकातलं सर्वांत मोठं नवल हेच वाटतं. जो माणूस देवावर ओरडतो तो देवाशी बोलणं सोडत नाही. भीती जाऊन मग विश्वास येतो असं नाही. दोन्ही एकाच तोंडून, एकाच दमात निघतात. क्रुसावर येशूने काय केलं? मार्क आणि मत्तय सांगतात की त्याने बाविसाव्या स्तोत्राची पहिली ओळ म्हटली, देवाने आपल्याला का सोडलं असा प्रश्न विचारणारी. ज्याला सोडल्याचा जाब विचारायचा, त्यालाच ‘माझ्या देवा’ अशी हाक!

म्हणूनच चर्चने हे पुस्तक पवित्र सप्ताहात वाचलं. लॅटिन उपासनेत मेणबत्त्या एकेक करून विझवत जायच्या आणि विलापगीतं गायची अशी शतकानुशतकांची रीत होती. लॅटिनमध्ये भाषांतर केल्यावर अक्षरांची गुंफण अर्थातच मोडली. मग त्यांनी काय करावं? हिब्रू अक्षरांची नावंच गायला घेतली. आलेफ, बेथ, गिमेल! इंग्लंडच्या थॉमस टॅलिसने, फ्रान्सच्या कूपराँने या निव्वळ नावांना लांबलचक, हळव्या ताना दिल्या. हिब्रूचं अक्षरही न कळणारे लोक त्या मुळाक्षरांवर रडले.

अमेरिकेत विम्याचं काम करणाऱ्या, तब्येतीने नाजूक अशा थॉमस चिझमने १९२३ साली याच हेथच्या ओळींवरून एक इंग्रजी भक्तिगीत लिहिलं. देवाच्या विश्वासूपणाचं ते गीत पुढे जगभर पोचलं. त्यामागे कसलाही मोठा अपघात नव्हता, साध्या रोजच्या दिवसांतून ते आलं. रविवारी वाशी-नेरूळला निरनिराळ्या भाषांत उपासना होतात, तिथेही हा आशय तुमच्या कानावर पडेल. गीत सुंदरच आहे. मात्र ते गाणाऱ्यांनी एकदा आधीच्या आणि नंतरच्या कविताही वाचाव्यात असं मला फार वाटतं. अस्वल आणि खडे यांच्याशिवाय ती सकाळ पुरती दिसत नाही.

मराठीत एका बाईने ती पुरती पाहिली होती.

मराठी आणि हिब्रूची गाठ तशी जुनी. मुंबईतल्या जॉन विल्सन या स्कॉटिश मिशनऱ्याने १८३२ साली हिब्रूचं व्याकरण मराठीत छापलं, याच बेने इस्रायल लोकांसाठी. त्यांची हिब्रू शतकांच्या ओघात विसरली गेली होती. पण पंडिता रमाबाईंची गोष्ट वेगळी. १८५८चा जन्म. वडील अनंतशास्त्री डोंगरे तीर्थातीर्थांतून पुराणं सांगत हिंडणारे, मुलीला संस्कृत शिकवणारे. मग १८७०च्या दशकातला दक्षिणेतला दुष्काळ. पैसे संपले, दाणे संपले, कुटुंब झाडपाला खाऊ लागलं. आधी वडील गेले, मग आई, मग थोरली बहीण. आईची तिरडी उचलायला चौथं माणूस मिळेना, तेव्हा रमाबाईंनी खांदा दिला. उंची कमी, म्हणून आपली बाजू त्यांनी डोक्यावर तोलली. भावाबरोबर हजारो मैल पायी फिरल्या. १८८०मध्ये तोही वारला. पती बिपिन बिहारी मेधावी १८८२मध्ये पटकीने गेले. पदरात तान्ही मनोरमा.

१८८३मध्ये इंग्लंडात वाँटेज इथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. हे सगळं भोगलेल्या बाईने दयाळू देवावर भरवसा ठेवला तो कसला? मुकाट बसण्याचा नक्कीच नाही. १८९६-९७मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा आपल्या दुष्काळाची आठवण त्यांना स्वस्थ बसू देईना. झाइनचीच ओळ ही! त्या उठून तिकडे गेल्या आणि सुमारे तीनशे मुली-बायकांना घेऊन आल्या. पुण्याजवळ केडगावच्या कोरड्या माळावर मुक्ती मिशन उभं राहिलं. १९००च्या दुष्काळात तिथली संख्या दीड हजारांच्या पुढे गेली. रमाबाई रोजच्या भाकरीसाठी प्रार्थना करत होत्या आणि त्याच वेळी विहिरी खणून घेत होत्या. त्यांच्या लेखी ही दोन कामं नव्हतीच.

आणि मग उतारवयाकडे झुकताना त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकायला घेतलं! सगळं बायबल मूळ भाषांतून, साध्यासुध्या बाईमाणसाला कळेल अशा मराठीत आणायचं होतं. संस्कृतच्या पंडिता त्या, पण संस्कृतने जड झालेली मराठी त्यांना यासाठी नको होती. वर्षानुवर्षं, एकेक पुस्तक करत त्या विलापगीतावर आल्या. आता विचार करा. हाडांना चिकटलेली कातडी म्हणजे काय, हे त्या हेथच्या ओळीसाठी त्यांना कोणत्या कोशात शोधावं लागलं असेल?

जुलै १९२१मध्ये मनोरमा गेली, मिरजेला. ज्या मुलीच्या हाती मुक्तीचा कारभार सोपवायचा, ती चाळिशीतच. रमाबाईंनी बायबलचं काम सोडलं नाही. ते हातावेगळं करून ५ एप्रिल १९२२ला त्या वारल्या. ते बायबल मुक्तीच्याच छापखान्यात छापलं गेलं. तिथे खिळे जुळवायचं काम मुक्तीतल्या बायकांचं होतं. विलापगीताच्या पाचही कविता त्यांनी मराठी अक्षरांत उभ्या केल्या: पापाचा हेथ, विनाशाचा हेथ, दयेचा, आणि भुकेचा.