उल्कापाषाणाची घडण

२८ जानेवारी १९७६ रोजी रात्री पावणेनऊच्या सुमारास सौराष्ट्रातील सुरेंद्रनगर जिल्ह्यात धजाळा गावाच्या परिसरात आकाशातून दगड पडले. गोळा झालेल्या तुकड्यांचे वजन सुमारे ४५ किलोग्रॅम भरले. असा दगड खेड्यात कोणास सापडल्यास तो प्रथम शाळेतच दाखविण्यास आणला जाण्याचा संभव असतो. यास्तव तो कशाचा बनलेला असतो, हे गुरुजींना ठाऊक असणे इष्ट होय.

या जातीच्या पाषाणात पृथ्वीवर नाही असे एकही मूलद्रव्य नसते. वजनाच्या शंभर भागांत सुमारे ३५ भाग प्राणवायू, २७ भाग लोह, १७ भाग सिलिकॉन व १४ भाग मॅग्नेशियम असते. गंधक २ भाग, निकेल त्याहून थोडे कमी. ऑलिव्हीन व पायरॉक्सीन ही त्यातील मुख्य खनिजे आपल्या काळ्या बेसाल्टातही आढळतात. मग वेगळेपण कोठे आहे?

ते लोहाच्या स्थितीत आहे. बेसाल्टातील लोह प्राणवायूशी संयोग पावलेले असते. धजाळ्याच्या पाषाणातील लोहाचा बराच भाग निकेलमिश्रित धातूच्या कणांच्या रूपाने आहे. पृथ्वी तप्त असता असा जड धातू वितळून तिच्या गाभ्यात उतरला. धजाळ्याचा पाषाण ज्या लघुग्रहाचा तुकडा, तो तापला खरा, परंतु वितळला नाही. म्हणून दगड व धातू एकत्र राहिले. त्यात खसखशीच्या दाण्याएवढे वा त्याहूनही लहान गोल कण दिसतात. अवकाशात वितळलेल्या थेंबांचे ते गोठलेले रूप असून त्यांचे वय सुमारे ४५६ कोटी वर्षे आहे. त्यांच्यापुढे सह्याद्रीचा साडेसहा कोटी वर्षांचा बेसाल्ट म्हणजे कालचे पोर!

केवळ चुंबक ओढला गेला म्हणून मात्र निर्णय करू नये. बेसाल्टातील मॅग्नेटाइट आणि भट्टीतील मळी यांकडेही चुंबक ओढला जातो. मळीत बुडबुड्यांची छिद्रे असतात. उल्कापाषाणात ती सहसा नसतात. दगडावर काळे पातळ कवच आहे काय व आधीच फुटलेल्या बाजूवर धातूचे चकाकते ठिपके आहेत काय, हे भिंगाने पाहावे. दगड फोडू नये; धुवूही नये, कारण पाण्याने त्यातील धातूस गंज चढतो. कोणी शेंदूर फासण्यापूर्वीच तो कोरड्या कागदात गुंडाळून ठिकाण व वेळ लिहून ठेवावी आणि तहसील कचेरीमार्फत भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण या संस्थेस कळवावे. भारतात पडलेल्या उल्कापाषाणांचे जतन हीच संस्था करते.