मान मोडून घेण्यापूर्वी

बैठे काम करणाऱ्यांच्या पाचवीला मानेचे दुखणे पुजलेलेच असते. आम्हां बँकवाल्यांप्रमाणे रात्ररात्र वाकून अभ्यास करणारे विद्यार्थीही त्यातून सुटत नाहीत. मग कोणी सलूनमध्ये दाढीनंतर मान 'कट्‌कन' मोडून घेतो, तर कोणी शहरात कायरोप्रॅक्टरकडे जातो. कायरोप्रॅक्टिक ही हातांनी मणके बसविण्याची पद्धत डी. डी. पामर यांनी १८९५ साली अमेरिकेत डॅव्हनपोर्ट येथे सुरू केली. तेथे व कॅनडात तिचे रीतसर शिक्षण आणि परवाने आहेत. तिला सरसकट भोंदूगिरी म्हणता येणार नाही. पण मानेला दिलेल्या झटक्याने रक्तवाहिनीस इजा होते काय?

मानेच्या मणक्यांना दोन्ही बाजूंस छिद्रे असतात. त्यांतून एकेक रोहिणी मेंदूच्या मागच्या भागाकडे जाते. सर्वांत वरच्या दोन मणक्यांपाशी ती वळसे घेते, आणि मान सर्वांत जास्त वळते तीही तेथेच. जोराचा पीळ बसला तर रोहिणीचे आतले अस्तर फाटू शकते. तेथे रक्ताची गुठळी होते, ती मेंदूत गेली की पक्षाघात. कधी हे लगेच घडते, कधी काही दिवसांनी.

तथागतांनी कालामांना सांगितले की, कोणी सांगतो म्हणून मानू नका, पारखून घ्या. येथे पारख करताना एक पेच पडतो. रोहिणी फाटली की पहिले लक्षण बहुधा मान व डोके दुखणे हेच! म्हणजे रोगी झटका घ्यायला गेला तेव्हा ती आधीच फाटलेली असू शकते. कॅनडातील ओंटारिओ प्रांतात अशा ८१८ पक्षाघातांचा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. पंचेचाळिशीच्या आतील रोग्यांत आधी कायरोप्रॅक्टरकडे गेलेले जास्त आढळले. पण साध्या डॉक्टरकडे गेलेलेही तसेच जास्त होते. डॉक्टर काही मान मोडत नाहीत! २०१४ साली अमेरिकन हार्ट असोसिएशननेही म्हटले की, संबंध दिसतो, कारण सिद्ध नाही. मात्र उपचारापूर्वी रोग्याला ही कल्पना द्यावी.

धोका विरळा आहे, हे खरे. तरी आधीच फाटलेल्या रोहिणीवर झटका बसणे हे अधिकच वाईट, असे आम्हांस वाटते. सलूनमध्ये तर विचारपूस करणारे कोणीच नसते. साध्या मानदुखीला व्यायाम आणि शेक पुष्कळदा पुरतो.

पूर्वी कधी न झालेली, अचानक उठलेली कळ असेल तर मानेला कोणाचा हात लावू देऊ नये. सोबत चक्कर, एकाचे दोन दिसणे, बोबडी वळणे, गिळता न येणे किंवा चालताना तोल जाणे यांपैकी काहीही दिसले, तर तडक मोठे इस्पितळ गाठावे. गुठळी विरघळविणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते.