मायलेकींची आगगाडी आल्प्समधून

आपल्या इंदूर-ग्वाल्हेरकडील मराठी घरांत उन्हाळ्याची सुटी म्हणजे आजोळ, मामेभावंडे आणि लोणच्याच्या कैऱ्या, असा क्रम पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. अलीकडे मात्र सुटीत परदेशी जाणारी कुटुंबे आपल्या आळीतही दिसू लागली आहेत. त्यांतील बहुतेक मंडळी सहलकंपनीच्या बसमध्ये बसून दहा दिवसांत पाच-सहा देश पाहून येतात, आणि परतल्यावर कोणते शहर कोणत्या देशातले हे सांगताना अडखळतात. मुलांना तर बसच्या खिडकीपेक्षा हॉटेलातला नाश्ताच अधिक आठवतो.

गेल्या दिवाळीनंतर आमच्या शाळेतून शिकून गेलेली एक विद्यार्थिनी भेटावयास आली. आता ती एका कचेरीत नोकरी करते. चार वर्षांपूर्वी तिचे यजमान निवर्तले. घरी सासूबाई आणि अकरा वर्षांची मुलगी. मुलीला आगगाड्यांचे विलक्षण वेड. पातालपानी ते कालाकुंड ही २०१८ मध्ये सुरू झालेली वारसा-गाडी तिने वडिलांबरोबर पाहिलेली. “सर, दोघींनीच आगगाडीने युरोप पाहावा म्हणते आहे. वेडेपणा तर नाही ना? सासूबाई म्हणतात, हा पैसा मुलीच्या लग्नाला राहू दे.” सासूबाईंची काळजी खोटी नव्हती. संसारात मागे कोणी कर्ता पुरुष नसताना साठवलेला पैसा असा खर्चावा काय, हा प्रश्न कोणासही पडेल. माझे मत मी तिला सांगितले: लग्नाला अद्याप अवकाश आहे, या प्रवासाला तो नाही.

या उत्तरामागे भावनेपेक्षा हिशेब अधिक होता. युरोपबाहेरील प्रवाशांसाठी ‘युरेल’ नावाचा रेल्वेपास १९५९ पासून मिळतो. आज तो तेहतीस देशांत चालतो. चार ते अकरा वर्षांच्या मुलास मोठ्या माणसाच्या पासाबरोबर विनामूल्य पास मिळतो. एका मोठ्या माणसामागे अशी दोन मुले चालतात. वय मोजले जाते ते प्रवास सुरू होण्याच्या दिवशीचे. मुलगी येत्या ऑगस्टात बारा वर्षांची होणार. म्हणजे हीच सुटी काय ती शेवटची. शिवाय आपल्याकडील शाळांची सुटी मे महिन्यात आणि जूनच्या पूर्वार्धात असते, तर युरोपातील शाळांची बहुधा त्यानंतर सुरू होते. त्यामुळे गर्दी उसळण्यापूर्वीच आपले लोक जाऊन येऊ शकतात.

पासांचे प्रकार अनेक आहेत. एका महिन्यात चार, पाच किंवा सात दिवस प्रवास. दोन महिन्यांत दहा किंवा पंधरा दिवस. किंवा रोज फिरता येईल असा सलग पास. सलग पासाचा मोह आवरावा, असे मी सुचवितो. मुलाला रोज गाडीत बसविणे म्हणजे त्याला गाडीचा कंटाळा आणण्याचा खात्रीचा उपाय होय. तीन आठवड्यांच्या मुक्कामाला सात दिवसांचा पास पुष्कळ झाला. बाकीचे दिवस गावात पायी हिंडण्याचे.

पास हाती आला म्हणजे सारे झाले, असेही नाही. फ्रान्सची ‘टीजीव्ही’ आणि इटलीच्या वेगवान गाड्या यांत पास असूनही आसनाचे आरक्षण सक्तीचे असते, त्याचे पैसे निराळे पडतात आणि ते मुलासाठीही द्यावे लागतात. जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंड येथील दिवसाच्या बहुतेक गाड्यांत मात्र पास दाखवून सरळ बसता येते. एक गाडी चुकली तर दुसरीत बसावे. लहान मूल बरोबर असताना या सोयीचे मोल पॅरिसच्या मनोऱ्याहून अधिक आहे, असे माझे मत आहे. म्हणून पॅरिस आणि रोम आम्ही निर्दयपणे वगळले.

मग आखणी ठरली ती अशी. विमानाने व्हिएन्ना. तेथून पहिल्या दिवशी झेमरिंगच्या घाटात जाऊन परत यावयाचे. कार्ल फोन गेगा या अभियंत्याने बांधलेला हा लोहमार्ग १८५४ मध्ये पुरा झाला. एक्केचाळीस किलोमीटरांत चौदा बोगदे आणि सोळा मोठे पूल. आपला बोरघाट चढून आगगाडी वर गेली ती १८६३ मध्ये. दोन्ही घाट एकाच पिढीच्या हातचे, हे मुलीला ठाऊक झाले तर तिचा खंडाळाही तिला नवा वाटेल. दुसऱ्या दिवशी साल्झबुर्ग, अडीच तासांचा मार्ग. तिसऱ्या दिवशी म्युनिक. तेथील ‘डॉइचेस म्यूझियम’ला एक संपूर्ण दिवस द्यावा. चौथा दिवस न्यूरेंबर्गला जाऊन येण्याचा, कारण जर्मनीतील पहिली वाफेची गाडी १८३५ मध्ये न्यूरेंबर्गहून फ्यूर्टला गेली आणि तेथेच रेल्वेचे संग्रहालय आहे. पाचव्या दिवशी झुरिकवरून ल्यूसर्न. सहाव्या दिवशी कूर. सातव्या दिवशी या साऱ्या प्रवासाचे शिखर: कूर ते तिरानो, आणि पुढे मिलान. मिलानहून घरी.

ल्यूसर्न येथे पाच-सहा रात्री मुक्काम ठेवावा, असे मी आग्रहाने सांगितले. तेथे वाहतुकीचे मोठे संग्रहालय आहे, सरोवर आहे. आणि स्विस स्टेशनांतील घड्याळे मुलांनी अवश्य निरखावीत. १९४४ मध्ये हान्स हिल्फिकर यांनी आखलेल्या या घड्याळाचा तांबडा सेकंदकाटा प्रत्येक मिनिटाच्या शेवटी बारावर क्षणभर थांबतो आणि मग मिनिटकाटा पुढे सरकतो. १९८२ पासून तेथील गाड्या ठरावीक अंतराने, तासातासाला त्याच मिनिटाला सुटतात. वेळापत्रक पाठ करणाऱ्या मुलीला याहून मोठा खाऊ कोणता?

कागदपत्रांचे काम मात्र कंटाळवाणे असले तरी टाळता येत नाही. शेंगेन व्हिसासाठी अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो; पंधरा दिवसांच्या आत आल्यास उशीर झाला समजावे. जेथे सर्वांत अधिक दिवस राहणार त्या देशाकडे अर्ज करावयाचा. येथे तो स्वित्झर्लंड. किमान तीस हजार युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. पारपत्र परतीनंतर आणखी तीन महिने चालणारे हवे, आणि मुलांचे पारपत्र आपल्याकडे सामान्यतः पाचच वर्षांचे असते, याकडे पालकांचे हमखास दुर्लक्ष होते. आई किंवा वडील यांपैकी एकच जण बरोबर असेल तर दुसऱ्याचे लेखी संमतिपत्र मागतात. या माउलीला यजमानांचा मृत्यूचा दाखला जोडावा लागला. मुलीच्या जन्मदाखल्याशेजारी तो लावताना तिचा हात थांबला असेल. मी विचारले नाही.

शिदोरीविषयी दोन शब्द. दूध आणि मांस यांचे पदार्थ बाहेरून युरोपीय संघात नेण्यास मनाई आहे. तेव्हा पेढे, बर्फी, श्रीखंडवडी आणि तुपाची बरणी घरीच ठेवावी. मे महिना असला तरी आंबाही नेता येत नाही. वनस्पती-आरोग्याच्या दाखल्यावाचून तो अडविला जातो. मेतकूट, भाजके पोहे, चटण्या, तेलावरचे खाकरे यांवर भागवावे. पाणी विकत घेण्याची गरज नाही; एकट्या झुरिकमध्ये बाराशेंहून अधिक कारंजी आहेत आणि त्यांचे पाणी पिण्याजोगे असते.

हमाल मिळत नाहीत. म्हणून मुलीने स्वतः उचलावी अशी तिची एक पिशवी आणि आईची एक पेटी, याहून अधिक सामान नको. तेथील काही गाड्या वाटेत दुभंगतात. पुढचे डबे एकीकडे, मागचे दुसरीकडे. चढण्यापूर्वी डब्यावरील पाटी वाचावी. आणि दोघींचा एक करार निघण्यापूर्वीच पक्का व्हावा: दारे मिटून एक आत व एक बाहेर राहिली, तर आत असलेलीने पुढच्या थांब्यावर उतरून तेथेच उभे राहावे, बाहेर असलेलीने मागच्या गाडीने तेथे यावे. मुलीच्या खिशात मुक्कामाचा पत्ता आणि आईचा दूरध्वनी क्रमांक लिहिलेली चिठ्ठी रोज असावी. सासूबाईंना हा करार वाचून दाखविला, तेव्हा त्यांनी प्रथमच “बरं” म्हटले आणि चिठ्ठी कापडी पिशवीत शिवून देण्याचे आपणहून कबूल केले.

कूर ते तिरानो या मार्गावर ‘बर्निना एक्सप्रेस’ ही काचेच्या मोठ्या खिडक्यांची गाडी धावते. तिला आरक्षणाचे जादा पैसे पडतात. त्याच रुळांवरून साध्या गाड्याही जातात, फक्त मध्ये गाडी बदलावी लागते. देखावा तोच. काही साध्या डब्यांच्या खिडक्या उघडतात, हा लाभ निराळा. फिलिझूरजवळ लांडवासरचा पूल येतो: पासष्ट मीटर उंच, सहा कमानींचा, वळणावर बांधलेला आणि थेट कड्यातल्या बोगद्यात शिरणारा. पुढे दातेरी रुळाशिवाय गाडी २,२५३ मीटरांवर चढते आणि तेथून ४२९ मीटरांवरील तिरानोला उतरते. वाटेत ब्रूझिओ येथे ती दगडी पुलावरून स्वतःभोवती एक पूर्ण फेरा घेते. कूरहून निघताना उजव्या बाजूची खिडकी धरावी. मुलीने आपल्या वहीत हे दोनदा अधोरेखित करून ठेवले आहे.