वेगाचा विजेता आणि त्याचा वारसा

नागपूरच्या नंदनवनसारख्या वस्तीत नवी मोटार घेऊ पाहणारा गृहस्थ किंमत आणि इंधनाचा खर्च यांच्या जोडीने आज आणखी एक प्रश्न विचारतो, "हिला तारे किती?" अपघातात ती मोटार आतील माणसांना कितपत सांभाळील, याचा अंदाज त्या ताऱ्यांवरून येतो. या साध्या प्रश्नाचा एक धागा दूर ब्राझील देशातील एका जगज्जेत्या मोटारचालकाच्या मृत्यूपर्यंत जाऊन पोहोचतो. त्याचे नाव आयर्टन सेन्ना.

सेन्नाचा जन्म 21 मार्च 1960 रोजी साओ पावलो शहरी झाला. तो चार वर्षांचा असताना वडिलांनी गवत कापण्याच्या यंत्राचे एंजिन बसवून त्याला एक छोटी गाडी करून दिली. 1984 साली त्याने फॉर्म्युला वन या मोटारशर्यतींच्या सर्वोच्च स्पर्धेत प्रवेश केला. 1988, 1990 व 1991 असा तीनदा तो जगज्जेता झाला. 161 शर्यतींपैकी 41 त्याने जिंकल्या. पावसाने निसरड्या झालेल्या मार्गावर जेथे इतर कचरत, तेथेच त्याचे कौशल्य विशेष खुलत असे.

तो निर्दोष होता असे मात्र नव्हे. 1990 साली जपानातील सुझुका येथे त्याने आलँ प्रॉस्ट या प्रतिस्पर्ध्याच्या गाडीवर आपली गाडी जाणूनबुजून घातली, आणि पुढील वर्षी तसे कबूलही केले. परंतु याच पुरुषाने 1992 मध्ये बेल्जियममधील सरावात एरिक कोमा याचा अपघात पाहताच आपली गाडी मार्गातच थांबविली व धावत जाऊन त्याच्या गाडीचे एंजिन बंद केले.

इटलीतील इमोला येथे 30 एप्रिल 1994 रोजी ऑस्ट्रियाचा चालक रोलंड राट्झेनबर्गर अपघातात मरण पावला. दुसऱ्या दिवशी सकाळी सेन्नाने चालकांची संघटना पुन्हा उभारण्याविषयी सहकाऱ्यांशी बोलणे केले. त्याच दुपारी सातव्या फेरीत टांबुरेलो वळणावर त्याची गाडी भिंतीवर आदळली आणि वयाच्या 34 व्या वर्षी त्याचा अंत झाला. ब्राझीलने तीन दिवस राष्ट्रीय दुखवटा पाळला.

राट्झेनबर्गरच्या मृत्यूने जे घडले नसते, ते सेन्नाच्या कीर्तीमुळे घडले. चालकांची संघटना त्याच महिन्यात उभी राहिली. टांबुरेलोचे वेगवान वळण 1995 पर्यंत बदलून संथ करण्यात आले. अपघातात चाक सुटून उडू नये म्हणून ते दोराने बांधण्याची सक्ती 1999 मध्ये, मानेला आधार देणाऱ्या साधनाची 2003 मध्ये, तर चालकाच्या डोक्याभोवतीच्या संरक्षक कड्याची 2018 मध्ये झाली. सेन्नानंतर या स्पर्धेच्या शर्यतीत चालकाला प्राणघातक इजा झाली ती थेट 2014 साली, ज्यूल बियांकी याला.

सेन्नाच्या भगिनी विवियान यांनी 1994 मध्येच त्याच्या नावाने संस्था काढली. ती ब्राझीलच्या सार्वजनिक शाळांतील मुलांच्या शिक्षणासाठी कार्य करते.

शर्यतीच्या मार्गावरील हा धडा पुढे सामान्य रस्त्यावर आला. आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाचे त्या वेळचे अध्यक्ष मॅक्स मोस्ली यांनी प्रवासी मोटारींच्या धडक-चाचण्यांचा पुरस्कार केला. युरोपात अशा चाचण्यांचे पहिले निकाल 1997 मध्ये प्रसिद्ध झाले. भारतीय मोटारींचे निकाल प्रथम 2014 साली लागले, तेव्हा कित्येक लोकप्रिय गाड्यांना एकही तारा मिळाला नाही. 1 ऑक्टोबर 2023 पासून भारताची स्वतःची चाचणी योजना सुरू झाली. ती जाहीर करणारे मंत्री नितीन गडकरी हे नागपूरचेच.

श्रोत्यांनी येथे थोडा हिशेब मनाशी करावा. या चाचणीतील समोरची धडक ताशी 64 किलोमीटर वेगाने घेतात. नागपूरहून निघणाऱ्या समृद्धी महामार्गावर मोटारींना ताशी 120 किलोमीटरपर्यंत मुभा देण्यात आली. आघाताची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे 120 च्या वेगाला ती चाचणीच्या सुमारे साडेतीन पट होते. शिवाय पट्टा बांधलेला आहे, असे गृहीत धरूनच तारे दिले जातात. सेन्नाच्या नावाने वेग वाढविणारा तरुण त्याची कीर्ती तेवढी पाहतो. पट्टा बांधून वेग आवरणारा त्याचा वारसा चालवितो.