कंपनी नको, माप बोला!

मोबाइलची बॅटरी दमली की आपण काय करतो? नवा मोबाइल घेतो. मिक्सर कुरकुरला? एक्स्चेंज ऑफर! आपल्या जनरेशनचा फंडा एकदम सिम्पल. पण घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये बाबांच्या उमेदीच्या दिवसांतली, चौघांनाही न हलणारी बिडाची रंधा मशीन असेल तर?

झालं असं, की ताईला दिवस गेले. गावचं घर पाडलं तेव्हा बाबांनी एक सागवानी दार जपून डोंबिवलीला आणलं होतं. त्याच्या फळ्यांचा पाळणा करायचा, हे त्यांनी कुणाला न विचारता ठरवून टाकलं. पहिलीच फळी मशीनवर सरकवली आणि 'खण्ण!' लाकडात गंजका खिळा लपला होता. तिन्ही पात्यांना खाच पडली. आता प्रत्येक फळीवर एक उंच रेघ उठणार. पुन्हा धार लावावी, तर वर्षानुवर्षं घासून पाती आधीच अरुंद झालेली.

मशीनवर कंपनीची पितळी पाटी आहे, पण कंपनी केव्हाच बंद पडलीय. रात्रभर ऑनलाइन शोधलं. रिझल्ट शून्य. बाबा म्हणाले, "राहू दे रे. भंगारवाला किलोवर नेईल. पाळणा काय, विकत मिळतो." त्यांनी हे इतक्या सहज म्हटलं, की मलाच कसंतरी झालं.

शनिवारी एक खराब पातं जाड पुठ्ठ्यात गुंडाळलं आणि सीएसएमटीची लोकल पकडली. क्रॉफर्ड मार्केट मागे टाकून नागदेवी स्ट्रीट गाठली. हातगाड्या, हमाल आणि दोन्ही बाजूंना हत्यारांची, मशिनरीची दुकानं. मॉलवाल्यांनी एकदा तरी बघावा असा नजारा! पहिल्या दोन दुकानांत कंपनीचं नाव सांगितलं. माना हलल्या. तिसऱ्या दुकानातले चाचा म्हणाले, "बेटा, कंपनी छोडो. नाप बोलो."

इथेच माझी ट्यूब पेटली. रंध्याचं पातं म्हणजे चार्जर नव्हे, की त्याच कंपनीचं हवं. ती असते स्टीलची सरळ पट्टी. लांबी, रुंदी आणि जाडी जुळली की काम झालं.

"जाडी कितनी? एक सूत?" मी ब्लँक! बाबांना फोन लावला. "अरे, आठ सूत म्हणजे एक इंच," ते म्हणाले. आवाजात एकदम जान आली होती. मशीन इंचाच्या जमान्यातली. 12 इंच म्हणजे 304.8 मिलिमीटर. 300 मिलिमीटरचं पातं घेतलं असतं, तर जवळपास 5 मिलिमीटर तोकडं पडलं असतं. रुंदी मी घरून मोजून नेली होती, सहा सूत. चाचा हसले. पातं झिजून सहा सूत झालं होतं. नवं असताना ते पुरं एक इंच होतं. जाडी मात्र झिजत नाही, ती एक सूतच भरली.

चाचांनी गोडाऊनमधून हायस्पीड स्टीलच्या तीन पात्यांचा सेट मागवला. कार्बाइडही दाखवलं. ते प्लायवूडवर जास्त टिकतं, पण त्याला पुन्हा धार लावायला डायमंडचं चाक लागतं. आमच्या कामाला हायस्पीड स्टील पुरेसं होतं.

रविवारी सकाळी बाबांनी आधी प्लग काढला, मग मला स्क्रू ढिले करायला लावले. इतक्या वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदाच मशीनला हात लावू दिला. तिन्ही पाती एका उंचीवर बसवून, स्क्रू दोनदा आवळून झाल्यावर त्यांनी फळी उचलली. मशीनकडे वळण्याआधी खिशातून एक लोहचुंबक काढलं आणि फळीवरून सावकाश फिरवलं. तीन खिळे सापडले.

भंगारवाल्याचा विषय त्यानंतर घरात निघालेला नाही.

जुन्या मशीनचं पातं शोधताय? मग हे वाचाच!

• जुनं पातं सॅम्पल म्हणून न्या. लांबी, जाडी त्यावरून घ्या. रुंदी मात्र नव्या पात्याची विचारा.

• माप इंचात की मिलिमीटरमध्ये, ते आधी ठरवा.

• पाती नेहमी पूर्ण सेटमध्ये बदला. वजनात फरक पडला, की फिरणारा ड्रम थरथरतो.

• बँडसॉ असेल तर काम आणखी सोपं. त्याचं पातं लांब पट्टीतून हव्या त्या मापाला कापून, वेल्ड करून मिळतं. दोन्ही चाकं सारखी असतील, तर चाकांच्या मध्यांतलं अंतर दुप्पट करा आणि त्यात चाकाच्या व्यासाची 3.14 पट मिळवा. झाली लांबी!

• जुन्या लाकडावर आधी लोहचुंबक फिरवा. मशीन नंतर.